बेसवाल्याची जागा

मुर्री, ८ जुलै २०२५

प्रेरणाच्या बाबांना,

पत्र का लिहिते ते तुम्हाला ठाऊक आहे. तुम्ही फोन उचलत नाही. मनिरामभाऊंना लावला तर ते म्हणतात, "आत्ताच बाहेर गेला वैनी." हैदराबादला तुम्ही सदा बाहेरच गेलेले असता, मग त्यांच्या गोदामात पोती कोण मोजतं देव जाणे. म्हणून त्यांच्या पत्त्यावर हे टाकते आहे. पाकिटावर तुमचं नाव लिहावं लागलं. लग्नानंतर पहिल्यांदाच लिहिलं. आकाश काही कोसळलं नाही.

कधी येणार, असं मी विचारणार नाही. विचारून विचारून माझं तोंड दुखलं.

इकडे धानाची रोवणी चालू आहे. दिवसभर दुसऱ्याच्या बांधीत चिखलात वाकते, घरी आले की मांडीवर सूप घेऊन बिड्या बांधायला बसते. पाठ कुठे संपते आणि कंबर कुठे सुरू होते ते कळेनासं झालंय. प्रेरणा बारावीचा अभ्यास करते. तुमच्या आई जेवतात, झोपतात, बाबांच्या फोटोला हार घालतात. तुमचं नाव काढत नाहीत, पण पोस्टमन गल्लीत शिरला की ओसरीत येऊन उभ्या राहतात.

परवा तुमच्या ऑर्केस्ट्राचे केशोराव आले होते, आपल्या गोरेगावहून मोटारसायकलवर, पावसात चिंब भिजून. चहा घेतला आणि म्हणाले, "वैनी, मंडईच्या जत्रांचा सीझन आलाच समजा. दिवाळी झाली का आज या गावची मंडई, उद्या त्या गावची, रोजचा प्रोग्राम. बेसवाला नसला तं ऑर्केस्ट्रा कोण बोलावते? जागेश्वर येते का नाही, एक काय थे सांगून टाका. नाही तं मी बालाघाटचा एक पोट्टा बसवतो."

एकदा तो पोट्टा बसला की तुमची जागा गेली. हे त्यांना माहीत, मला माहीत आणि तुम्हालाही माहीत असेल. मी म्हटलं, "एवढ्यात कुणाला बसवू नका. मी माणूस देते." ते म्हणाले, कोण? मी म्हटलं, "देते ना, तुम्ही चहा घ्या."

असं का बोलून गेले, माझं मलाच कळलं नाही. पण ते गेल्यावर, आई शेजारी गेल्या तेव्हा, खाटेखालची तुमची बेस गिटार ओढून काढली. वर्षानुवर्षं तिच्यावरची धूळ पुसली, पण खांद्याला कधी अडकवली नव्हती. फार जड आहे हो. एवढं ओझं घेऊन तुम्ही तासन्‌तास उभे राहायचे आणि मी म्हणायचे, तुम्हाला काय, चार तारा तर वाजवायच्या.

त्या दिवसाबद्दल लिहू नये असं ठरवलं होतं, तरी लिहिते. घरात बाबांचा दिवा जळत होता, दहावाही झाला नव्हता. ओसरीत पाहुणे बसलेले. तुमचा दुसऱ्या दिवशी लग्नाचा प्रोग्राम, विसार घेतलेला, हे मला मान्य. पण तुम्ही आतल्या खोलीत गिटारला आवाजाची पेटी लावून सराव सुरू केला आणि फळीवरच्या ताटल्या थरथरायला लागल्या. पाहुणे एकमेकांच्या तोंडाकडे बघत होते. आई आत आल्या आणि त्यांनी पेटीची वायरच उपटली. "बापाचा दिवा जळून रायला अना तू नाचाचं वाजवून रायला?" आपल्या घरी माणूस गेलं की वर्षभर वाजा नाही, हे तुम्हाला मी सांगायचं का? वरात आली तरी बँडवाले आपल्या दारापुढे वाजवणं थांबवतात आणि पुढे जाऊन वाजवतात. तुम्ही दुसऱ्या दिवशी प्रोग्राम केला, पेटी केशोरावांना परत दिली आणि थेट हैदराबादची गाडी धरली.

असो. तुमची जागा मी राखून ठेवते. शेतावर पाखरं राखतात तशी. जागा तुमचीच आहे.

दुर्गेश्वरी


मुर्री, ५ ऑगस्ट २०२५

प्रेरणाच्या बाबांना,

मागचं पत्र मिळालं, हे मनिरामभाऊंनी सांगितलं. वाचून खिशात ठेवलं म्हणे. ठेवा.

केशोरावांना जो माणूस देणार होते तो म्हणजे मी. हसून घ्या. केशोरावांना अजून सांगितलेलं नाही.

तारा सुरात कशा लावायच्या ते प्रेरणानं मोबाईलवर शोधून दिलं. बाकी माहेरी आमगावला आमच्या बाबांच्या भजनी मंडळात मी हार्मोनियम वाजवायची ते कामी आलं. सा सापडला की पुढचे स्वर हात लावून लावून सापडतात. आणि गाणी तर मला सगळी पाठ आहेत. तुम्ही आत वाजवायचे, मी बाहेर बिड्या बांधायची. कुठल्या गाण्यात बेस कुठे वर जातो आणि कुठे गप्प बसतो, ते माझ्या डोक्यात आयतंच भरलेलं होतं. बोटांना मात्र काहीच माहीत नव्हतं. जाड तार दाबून डाव्या हाताची बोटं फुटली. त्याच बोटांनी मग बिडीत जर्दा भरायचा, की आग आग होते.

आवाजाची पेटी नाही म्हणून गिटार नुसतीच वाजवत होते. लाकडाला कान लावला तर कुठे जरासं ऐकू येतं. पण तेवढंही आईंना ऐकू गेलं. स्वयंपाकघरातून ओरडल्या, "काय टणटण वाजून रायलं वो दुर्गा?" मी म्हटलं, पत्र्यावर पाणी पडतंय. बाहेर लख्ख ऊन होतं. मी घाईनं गिटार खाटेखाली सारली.

असं चोरून किती दिवस करणार? प्रेरणाला घेऊन गोंदियाला गेले, त्या विक्कीच्या मोबाईल दुकानात. त्याला स्पष्ट सांगितलं, मला घरात वाजवायचं आहे, घरात कुणाला ऐकू जाता कामा नये, आणि महाग परवडत नाही. तो म्हणाला, "भाभीजी, इलाज है." आधी त्यानं काड्यापेटीएवढं एक यंत्र दाखवलं. ते गिटारच्या खाचेत बसवायचं, त्यातच हेडफोन लावायचा, की आवाज थेट कानात. किंमत ऐकून मी ते हळूच परत ठेवलं. मग त्यानं स्वस्तातली एक वायर काढली. एक टोक गिटारला, एक मोबाईलला, मोबाईलमध्ये एक ॲप. गाणंही त्याच मोबाईलवर लावायचं आणि त्याच्यासोबत वाजवायचं. हेडफोनसुद्धा नवीन नको म्हणाला. "बेटी का ब्लूटूथवाला है ना? बस. तार का झंझट ही नहीं."

घरी आले, आई दुपारच्या निजल्या तशी कानावर लावलं आणि सगळ्यात जाड तार छेडली.

काय सांगू तुम्हाला. डोक्याच्या आतून कुणी बोललं असं वाटलं. घरात सगळं शांत, आई निजलेल्या, शेजारची कोंबडी दारात दाणे टिपत होती, आणि तार हलकेच छेडूनही, बाहेर टणटण न होता, माझ्या कानात एवढं मोठं वाजत होतं. मला फार बरं वाटलं. हे लिहायचं नव्हतं, पण लिहून गेले.

एक गोष्ट आता समजली. तुम्ही म्हणायचे, जाड तारेला बोलायला वेळ लागतो, बेसवाल्यानं जरा आधी निघावं. खरंच आहे ते. बोट मारलं की आवाज थोडा थांबून येतो. सुरुवातीला मी मागे मागे पडत होते. आता ठोका यायच्या आधीच बोट सोडते, म्हणजे आवाज बरोबर ठोक्यावर पडतो. बिड्या बांधणाऱ्या बाईला हात पुढे पळवायला शिकवावं लागत नाही.

जागा राखायचं काम चालू आहे.

दुर्गेश्वरी


मुर्री, २८ ऑगस्ट २०२५

प्रेरणाच्या बाबांना,

यंदा पोळ्याला आपल्या दाराला तोरण नव्हतं. आईंनी शेजारच्या बैलांना लांबूनच हात जोडले.

मी सापडले. दुपारी आई दवाखान्यात गेल्या होत्या, गुडघ्यासाठी. लवकर परतल्या. मी दाराकडे पाठ करून बसलेली, कानात गाणं, डोळे मिटलेले, मान हलत होती, बोटं चालत होती. आणि खोलीत आवाज काहीच नाही! त्यांनी हाका मारल्या असतील, मला कुठल्या ऐकू येणार. त्यांना वाटलं, मला काही बाहेरचं लागलं. डोळे उघडले तर आई मुठीत मीठमोहऱ्या घेऊन माझ्या भोवती फिरत होत्या आणि तोंडानं पुटपुटत होत्या. मी हेडफोन काढला तर म्हणाल्या, "कोण हायेस तू? सांग, कोण हायेस?"

मला हसू आवरेना. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा हसले असेन. आई इतक्या घाबरल्या होत्या की त्यांच्या मुठीतलं मीठ पायावर सांडत होतं. मग मी सगळं सांगितलं. केशोरावांचं, जागेचं, विक्कीचं, सगळं. त्या खाली बसल्या. मी हेडफोन त्यांच्या कानावर चढवला, पदर नीट केला आणि एक तार छेडली.

आई दचकल्या. मग म्हणाल्या, "अजून वाजव." वाजवलं. बराच वेळ ऐकत बसल्या. आपण मोठ्यानं बोलतो आहोत हे त्यांच्या लक्षात नव्हतं. "हे तं पोटातून बोलते वो! सप्पा गल्लीले ऐकू जाऊन रायलं असंन!" मी मानेनंच नाही म्हटलं.

हेडफोन काढल्यावर मी विचारलं, "आई, हे घरात वाजलं की नाही वाजलं?" ज्यासाठी एवढं सगळं झालं, ते त्यांच्याच तोंडून ऐकायचं होतं.

त्यांनी सुपारी कातरली, तोंडात टाकली. "गल्लीत कोणाले ऐकू आलं?"

"नाही."

"थ्याईच्या फोटोले ऐकू आलं?" त्यांनी बाबांच्या फोटोकडे बोट केलं.

"नाही आई."

"मंग नाही वाजलं."

मग स्वतःच म्हणाल्या, "बाहेर जाऊन पोटासाठी वाजवाले मी त्याले कधी नाही म्हटलं? बापानंच घेऊन देलती थे गिटार. घरात नको, एवढंच म्हटलं मी. तेवढ्याच्यानं कोणी माय सोडून जाते?"

याचं उत्तर तुम्ही द्यायचं. मी म्हटलं, "ही वायर त्या दिवशी घरात असती, तर तुम्ही पेटीची वायर उपटली नसती, आणि ते गेले नसते." आई उठून आत गेल्या. मी सूप ओढून बिड्या बांधायला बसले. मला तुम्हा दोघांचाही राग येतो. एका वायरीनं मिटलं असतं असं भांडण, आणि त्याच्यात माझं अख्खं वर्ष चाललंय. मी थकले आहे. दोघांच्या मधे उभं राहून थकले आहे.

दुर्गेश्वरी


मुर्री, २५ सप्टेंबर २०२५

प्रेरणाच्या बाबांना,

वाईट बातमी आहे. खुश व्हायचं तर व्हा.

केशोरावांना शेवटी सांगितलं. ते म्हणाले, "वैनी, मस्करी करून रायल्या का?" मग माझ्या बोटांचे घट्टे बघितले. बुधवारी गोरेगावला तालमीला या म्हणाले. एसटीत गिटार उभी धरून गेले. शेजारची बाई विचारत होती, "काय हाये हे बाई, वीणा का?" मी म्हटलं, हो, वीणाच समजा.

धानाच्या गोदामात तालीम. ड्रमवर लीलाधरभाऊ, तुमचे जोडीदार. पेटी लावली, गाणं सुरू झालं, आणि थोड्याच वेळात लीलाधरभाऊंनी काड्या खाली ठेवल्या. "वैनी, काऊन एवढी घाई? माझी काडी वरच हाये अना तुमची तार वाजून मोकळी."

पुन्हा सुरू केलं. पुन्हा तेच. दुसरं गाणं घेतलं, तरी तेच. मी जितकी लक्ष देऊन वाजवत होते तितकी पुढे पळत होते. तारा चुकत नव्हत्या, स्वर चुकत नव्हते, सगळं फक्त ठोक्याच्या आधी. घरी तर एवढं नेमकं बसत होतं! केशोराव चांगला माणूस आहे, ओरडले नाहीत. एवढंच म्हणाले, "घरी एकटं बसून शिकलं का असंच होते वैनी. ताल नाही बसत. आता मी बालाघाटले फोन लावतो." मी हात जोडून म्हटलं, कोजागिरीपर्यंत थांबा. ते बरं म्हणाले, पण माझ्याकडे न बघता.

परतीच्या एसटीत मी रडले. लोकांसमोर रडले. ती वीणावाली बाई परत भेटली असती तर काय म्हणाली असती कोण जाणे.

घरी येऊन प्रेरणाला सांगितलं तर ती विचारात पडली. मग म्हणाली, "आई, ब्लूटूथ लावून व्हिडिओ बघते तेव्हा सरांचे ओठ आधी हलतात अन्‌ आवाज मागून येतो. तेच असेल." दुसऱ्या दिवशी विक्कीकडे गेलो. तो लगेच म्हणाला, "हाँ भाभीजी, ब्लूटूथ में आवाज लेट आता है. गाना सुनने में पता नहीं चलता." हे त्याला आधी का सुचलं नाही, असं मी विचारलं. तो म्हणाला, मी कुठे वाजवतो भाभी, मी तर विकतो.

म्हणजे झालं असं. माझ्या तारेचा आवाज माझ्याच कानात उशिरा पोचत होता, आणि तो गाण्याच्या ठोक्यावर आणायला मी बोट आधी सोडत होते. कानात सगळं सरळ, बाहेर सगळं वाकडं. उन्हाळ्यात डबक्यात शिरलेल्या म्हशीसारखी सुखात बसून मी रोज चुकीचं घोटत होते, आणि खुश होत होते. कुणी बाजूला बसून ऐकलं असतं तर पहिल्याच दिवशी कळलं असतं. पण कुणाला ऐकू जाऊ नये यासाठीच तर सगळा खटाटोप होता.

आणि मला शंकाही आली नाही, कारण जाड तारेला बोलायला वेळ लागतो हे तुम्ही सांगून ठेवलेलं! तुमच्या त्या वाक्यावर मी डोळे मिटून विश्वास ठेवला. तुम्ही शेजारी असता तर एका मिनिटात म्हणाला असता, अगं तेवढा वेळ नाही लागत. पण तुम्ही शेजारी नव्हता. मला हे आज फार लागलं, म्हणून लिहिते.

आता काय करू ते कळत नाही. झोपते.

दुर्गेश्वरी


मुर्री, १० ऑक्टोबर २०२५

प्रेरणाच्या बाबांना,

विक्कीला लाज वाटली असावी. त्यानं आपली वायर परत घेतली आणि तसलंच काड्यापेटीएवढं यंत्र दिलं, कुणीतरी वापरून टाकलेलं, एका कोपऱ्यात तुटकं. मला परवडेल अशा भावात दिलं. प्रेरणाचा शाळेतला जुना वायरवाला हेडफोन चिकटपट्टी लावून जोडला. आता गिटार, ती काड्यापेटी आणि माझा कान, मधे दुसरं काही नाही. गाणं लावायचं तर मोबाईलची एक वायर त्या काड्यापेटीतच खोचायची. बोट मारलं की तिथल्या तिथे आवाज. इतक्या पटकन आला की पहिल्यांदा मीच दचकले.

पण हात ऐकेनात. त्यांना पुढे पळायची सवय लागली होती. शिकायला लागला त्याहून विसरायला जास्त त्रास झाला. मी थांब म्हणायची, बोट निघून गेलेलं असायचं. दोनदा गिटार खाटेवर टाकून दिली आणि बिड्यांचं सूप ओढलं. निदान ते तरी येतं मला.

मग एक दिवस आई ओसरीत तांदूळ पाखडत होत्या. सुपाचा आवाज कसा एकसारखा येतो, माहीत आहे ना. मी हेडफोनची एक बाजू कानावरून सरकवली. एका कानात सूप, एका कानात तार. सुपाचा ठोका पडला की तार, त्याच्या आधी नाही. पुष्कळ वेळ चुकलं, मग एकदा बसलं, मग सुटलं, मग पुन्हा बसलं. तांदूळ केव्हाच पाखडून झाले होते. आई तेच तांदूळ पुन्हा सुपात घेऊन बसल्या. माझ्याकडे बघितलं नाही. दुसऱ्या दिवशी त्याच वेळी पुन्हा पाखडायला बसल्या. आपल्या घरी इतके स्वच्छ तांदूळ कधी शिजले नसतील.

कोजागिरीच्या आधी गोरेगावला गेले. लीलाधरभाऊंनी काड्या उचलल्या आणि गाणं संपेपर्यंत खाली ठेवल्या नाहीत. संपल्यावर म्हणाले, "आता बसलं वैनी." केशोराव म्हणाले, "भाऊबीज झाली का कोहमाऱ्याजवळ पहिली मंडई हाये. निळी साडी नेसून या, सप्पा पार्टी निळ्यात रायते."

मी घरी येऊन निळी साडी शोधली. ट्रंकेच्या तळाशी होती. ती झटकताना हात थांबले. कारण एक गोष्ट लक्षात आली, आणि ती तुम्हाला सांगितलीच पाहिजे. मी लिहिलं होतं, तुमची जागा राखून ठेवते. आता ते खरं राहिलं नाही. एवढे दिवस कुणी दुसऱ्यासाठी जागा राखत नाही. फुटलेली बोटं माझी, एसटीतलं रडणं माझं, सुपाच्या तालावर परत शिकलेला ठोका माझा. आता ती जागा मला हवी आहे.

लिहून झालं, आता खोडत नाही.

दुर्गेश्वरी


मुर्री, २७ ऑक्टोबर २०२५

प्रेरणाच्या बाबांना,

हे पत्र स्पीड पोस्टनं टाकते आहे, तुम्ही निघायच्या आधी हाती पडावं म्हणून.

तुम्ही केशोरावांना फोन केला. मला नाही, आईंना नाही, प्रेरणाला नाही, केशोरावांना. ऐन दिवाळीत ते तोंड पाडून दारात आले. "जागेश्वरचा फोन आलता. मंडईले येतो म्हणते. महिनाअखेरीले पोचतो, माझी सीट ठेवा म्हणते. आता वैनी, तुमच्या घरचं हाये, तुम्हीच सांगा."

आई आत होत्या. ऐकलं तशा धावत बाहेर आल्या, गुडघ्याचं दुखणं विसरून. "येते म्हणते? खरंच येते म्हणते?" त्यांनी केशोरावांचे दोन्ही हात धरले. मी हो म्हटलं असतं तर तुम्ही आला असता. आईंना लेक मिळाला असता, प्रेरणाला बाप मिळाला असता, मलाही निदान दारात कुणीतरी दिसलं असतं. तुम्ही गेल्यापासून मी दुसरं काय मागत होते?

तरी मी म्हटलं, "केशोराव, सीट माझी आहे. त्यांना सांगा, भरली आहे."

केशोरावांनी आईंकडे बघितलं. आईंनी माझ्याकडे. मग म्हणाल्या, "थो आला नाही तं तुह्या डोक्यावर, दुर्गा. मी मेली तरी तुह्या डोक्यावर." आणि आत गेल्या. त्यानंतर माझ्याशी बोलल्या नाहीत. अजूनही बोलत नाहीत. तांदूळही पाखडत नाहीत. मी दोनदा त्यांच्या पायाशी जाऊन बसले, त्यांनी पाय ओढून घेतले. त्यांचं चुकलं असंही मी म्हणू शकत नाही.

पहिली मंडई झाली. संध्याकाळचा प्रोग्राम होता. हायवेवरचे ट्रकवालेसुद्धा ढाब्यावरून उठून आले होते. मी गिटार घेऊन चढले तेव्हा खाली कुणीतरी ओरडलं, "बाई कायले एवढी मोठी गिटार धरून रायली रे?" लोक हसले. मी पट्टा खांद्यावर नीट केला. मग लीलाधरभाऊंनी काडी मारली आणि मी तिच्यावर तार टाकली. तिच्या आधी नाही, तिच्यावर. एवढे महिने माझ्या एकटीच्या कानात होतं ते मोठ्या पेटीतून निघालं आणि पायाखालच्या फळ्यांमधून वर आलं. समोरची माणसं नाचायला लागली. मी किती थकले होते ते त्या वेळी आठवलं नाही. खोटं कशाला बोलू, तुम्हीही आठवला नाहीत.

घरी परतताना मात्र आठवला. वाटलं, तुम्हीसुद्धा रोज असेच परत यायचे, अंगात तो आवाज घेऊन, आणि दारात आल्यावर तो बंद करायचे. त्या एका दिवशी बंद केला नाही. हे मला आधी कळलं नव्हतं. पण कळलं म्हणून जागा सोडावी असं काही मला वाटत नाही.

गिटार तुमची आहे. बाबांनी तुम्हाला घेऊन दिली होती. आलात आणि हवी झाली तर घेऊन जा. केशोरावांकडे एक जुनी पडली आहे, मी ती वाजवीन. दुसऱ्या कुठल्या पार्टीत तुम्हाला जागा मिळेल, तुमचा हात चांगला आहे, सगळे म्हणतात.

घर तुमचं आहे. आई तुमच्याच आहेत आणि तुमच्यावाचून झुरताहेत, त्यांच्यासाठी या. प्रेरणासाठी या. माझ्यासाठी यायचं असेल तर तेही मला आवडेल, अजूनही आवडेल. पण केशोरावांकडच्या जागेसाठी गाडीत बसणार असाल तर बसू नका. तिथे मी उभी आहे.

येणार असाल तर हे वाचून या.

दुर्गेश्वरी